वच्छलाबाईंचं नाव मी कसं पुसलं

वच्छलाबाई निमकर्डे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या मार्च महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी पावणेचार वाजता. ठिकाण अमरावती, आमचं ऑफिस, खिडकीजवळचं टेबल. हत्यार कम्प्युटरमधलं 'फाइंड-रिप्लेस'. अन्याय करणारी मी.

हे आधीच लिहून टाकते. कॉलेजात असताना मी ढिगानं पत्रकं लिहिली. होस्टेलच्या पाण्यावर, एसटीच्या पासवर, परीक्षेच्या निकालांवर. प्रत्येक पत्रकात अन्याय करणारा कुणीतरी 'प्रशासन' नावाचा असायचा. त्याला तोंड नसायचं, त्यामुळे त्याला शिव्या घालणं सोपं जायचं. या वेळी तोंड होतं आणि ते मी रोज आरशात बघते.

आमचं प्रकाशन एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही अभ्यासाची पुस्तकं काढतो. गाइड नाही, कथा-कादंबरी नाही. एखादा माणूस वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागतो आणि शेवटी ते सगळं कागदावर उतरवतो, ते आम्ही छापतो. त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांत मेळघाटातल्या मुंग्या होत्या, वऱ्हाडातल्या जुन्या कापूस-जिनिंगांचा इतिहास होता, शाळेत गणित कुठल्या भाषेत शिकवावं हा वाद होता आणि खारपाणपट्टा होता. अशी पुस्तकं वाचणारे थोडे. पण जे वाचतात ते हातात पेन्सिल घेऊन वाचतात आणि चूक सापडली की पोस्टकार्ड टाकतात. आमचे मालक, संपादक आणि प्रसंगी हमाल असलेले वानखडे सर त्या पोस्टकार्डांना जितके घाबरतात तितके इन्कम टॅक्सलाही घाबरत नाहीत.

माझं पद संपादन सहायक. लेखकाचं लिखाण आलं की सगळं एका पद्धतीत बसवायचं. तळटीपा जुळवायच्या, तक्ते तपासायचे, एकच गाव तीन प्रकारे लिहिलं असेल तर एका प्रकारे करायचं. शेवटी सूची करायची. सूची म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानांवर असते ती यादी: कुठलं नाव, कुठला विषय, कुठल्या पानावर.

खारपाणपट्ट्याचं पुस्तक अकोल्याच्या गावंडे मॅडमचं. मॅडम कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीकडच्या मोठ्या भागात, जमीन काळीभोर आणि विहिरीचं पाणी खारट. ते पाणी पिकाला दिलं की जमीन बिघडते, भाजीपाला तर धरतच नाही. मॅडमनी आठ-दहा वर्षं या गावांतून फिरून त्या पाण्याबरोबर जगणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. मातीच्या तपासण्यांचे तक्ते एका बाजूला, बायांच्या मुलाखती दुसऱ्या बाजूला. विज्ञान आणि माणसं एकाच पुस्तकात. मी ते हस्तलिखित पहिल्यांदा वाचलं तेव्हा डबा खायचा विसरले होते.

पुस्तकाचा जीव चौथ्या प्रकरणात. मूर्तिजापूरकडच्या एका गावातल्या वच्छलाबाई निमकर्डे. माळ्याच्या घरातल्या. शिक्षण चौथी. उन्हाळ्यात खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर वांग्याची झाडं माना टाकायची, तेव्हा जी दोन-चार उभी राहायची त्यांचंच बी त्या धरत गेल्या. पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात तेच. पुन्हा तेच. वीस-पंचवीस वर्षं. शेवटी एक काटेरी, बुटकं, जांभळं-पांढरं वांगं हाती आलं, जे खाऱ्या पाण्यावर मे महिन्यात उभं राहतं. अकोल्याच्या बाजारात त्याला 'नामदेव वांगं' म्हणतात. नामदेव हे वच्छलाबाईंचे दीर. वांगी टेम्पोत घालून बाजारात न्यायचे ते, म्हणून अडत्यांनी त्यांचं नाव चिकटवलं. बी कुणी धरलं हे विचारायला अडत्याला वेळ नव्हता.

हे वांगं नेमकं कुणाचं, हे मॅडमनी गावात सतरा जणांना विचारून चौथ्या प्रकरणात पक्कं केलं होतं. वच्छलाबाईंचं. पुराव्यासहित.

आणि मी त्यांचं नाव काढून टाकलं.

असं काहून केलं? कारण मला माणसांचं रक्षण करायचं होतं. समाजशास्त्राच्या पुस्तकांत एक शहाणी प्रथा आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याला 'माहितगार' म्हणतात आणि त्याचं नाव न देता नंबर देतात. गरीब माणसानं सरपंचाबद्दल, सावकाराबद्दल, सासरबद्दल काही खरं सांगितलं आणि ते नावानिशी छापलं, तर पुस्तकवाला कौतुक घेऊन जातो आणि गावात मार खातो तो गरीब. हे मला तीन दिवसांच्या एका कार्यशाळेत शिकवलं होतं. मला ते इतकं पटलं की तिसऱ्या दिवशी मी उठून भाषणही केलं. मॅडमच्या हस्तलिखितात बाकी सगळे नंबरानं होते, फक्त वच्छलाबाई नावानं. मला वाटलं, मॅडम विसरल्या. मी फोन केला नाही. फाइंडमध्ये नाव टाकलं, रिप्लेसमध्ये 'माहितगार ७' टाकलं (मुलाखतींच्या क्रमात सातवा नंबर तेवढा मोकळा होता) आणि बटण दाबलं. एकसष्ट ठिकाणी बदल झाला. मला फार बरं वाटलं. एका बाईला मी व्यवस्थेपासून वाचवलं होतं.

मजकूर पानांवर बसवून झाला. मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी लेखकानं तपासायची पानं, अकोल्याला गेली. मॅडम तेव्हा विद्यापीठाच्या पेपर तपासणीत गळ्यापर्यंत बुडालेल्या. आठवड्यानं पानं सही होऊन परत आली. प्रेसनं छपाई सुरू केली. सूची पानं पक्की झाल्यावरच करता येते, म्हणून ती शेवटी छापतात. ती मी करत बसले.

मे महिन्याच्या अखेरीला नव्या पुस्तकांचं माहितीपत्रक करायचं होतं. प्रत्येक पुस्तकाला अर्धं पान आणि एक फोटो. सर म्हणाले, "त्या वांग्याचा फोटो आण. झाडावरचा. बाजारातला नको." बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला गाडीनं उतरले, पुढे ऑटो. पिशवीत कॅमेरा, चौथ्या प्रकरणाची छापलेली पानं आणि सूचीचा कच्चा खर्डा. म्हटलं, दाखवू. खूश होतील.

वच्छलाबाई वावरातच होत्या. साठीच्या आसपास, डोक्याला फडकं, हातात खुरपं. नामदेवराव बांधावर बसून टोपल्या सांधत होते. मी कोण ते सांगितलं. वच्छलाबाईंनी खुरपं ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि पहिलं वाक्य हे:

"पुस्तक आनलं का? दाखव माह्यं नाव."

"नाव म्हणजे... मावशी, हे चौथं प्रकरण. पूर्ण तुमच्यावरच आहे."

त्यांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं. चौथीतलं वाचन, पण पक्कं. बोट फिरवत गेल्या. एक पान. दुसरं.

"हे माहितगार सात कोन होय?"

"तुम्हीच."

"सातवी? अन् पयले सहा कोन हायेत?"

"तसं नाही मावशी. मुलाखती ज्या क्रमानं घेतल्या तो नंबर. वर-खाली काही नाही."

"म्या बी धरलं तवा या सहाईतला एक तरी होता का वावरात?"

नामदेवराव हसायला लागले. "वयनी, रेशन कार्डावर तरी तुमचा दुसरा नंबर हाये. पुस्तकात घसरल्या तुमी."

"तुमी चूप बसा हो!" मग माझ्याकडे वळून, "नाव काहून नायी टाकलं?"

मी कार्यशाळेतलं सगळं सांगितलं. संरक्षण, गोपनीयता, गावातलं राजकारण. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. एवढं शांतपणे माझं कुणी ऐकलं की मला आता भीती वाटते.

"पोरी, वांग्यानं माह्यं काय वाकडं होईन? वांगं काय गुन्हा होय का?"

त्यांनी पिशवीतून डोकावणारा सूचीचा खर्डा ओढला. 'न'ची ओळ होती. नदी, नांगर, नामदेव वांगं. त्या नोंदीपुढे एकोणीस पानांचे आकडे. 'व'मध्ये वच्छलाबाई नाही, 'न'मध्ये निमकर्डे नाही. मी माणसाचं नाव काढलं होतं, पण पिकाचं नाव पिकाचं म्हणून तसंच राहिलं होतं. पंचवीस वर्षं बाजार जे तोंडी म्हणत होता ते मी आता छापून, पानांच्या आकड्यांसहित, कायमचं पक्कं केलं होतं. तेसुद्धा अशा पुस्तकात, जे मुळात उलटं सिद्ध करायला लिहिलं होतं.

नामदेवरावांचं हसू गेलं. ते उठून आले, कागद बघितला आणि म्हणाले, "हे बरोबर नायी हो बाई. मी त सांगतो सगळ्याइले, वयनीचं हाये. आइकते कोन? मले वाटे, पुस्तकात तरी येईन."

मग वच्छलाबाई म्हणाल्या, "गावात सांगून ठेवलं मी. येईन म्हनून. माह्या सुनेले सांगितलं, सोयऱ्याइले सांगितलं. आता म्हनतीन, बुढी फेकत होती." त्यांनी पानं नीट घडी करून माझ्या हातात दिली. "फोटो काढाचा तं काढ. वांग्याचा काढ. माहा नको."

मी फोटो काढला. एकही नीट आला नाही. निघताना त्यांनी दोन किलो वांगी पिशवीत टाकली. रागावलेल्या होत्या, पण रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. त्या दोन किलो वांग्यांनी मला जितकं सुनावलं तितकं कुणी सुनावलं नाही.

तिथून अमरावतीला न येता मी थेट अकोल्याला गेले. गावंडे मॅडमच्या घरी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी वांगी ठेवली आणि सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"पण मी नाव दिलं होतं ना गं?"

"मी काढलं."

"आणि मुद्रितं मीच पाहिली." चष्मा त्यांनी गठ्ठ्यावर ठेवला. "पाहिली नाही खरं तर. सही केली. म्हटलं, स्वाती करून राहिली म्हणजे बरोबरच असेल."

माझ्यावर कुणी इतका भरवसा टाकावा आणि तो इतका महाग पडावा! मॅडमनी कपाटातून फाइल काढली. मुलाखतीआधी प्रत्येकाकडून संमतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात दोन चौकोन: 'नाव द्यावे', 'नाव देऊ नये'. सोळा फॉर्मवर दुसऱ्या चौकोनात खूण. सातव्यावर पहिल्यात. आणि खाली, फॉर्ममध्ये जागा नसताना, बॉलपेननं कोरल्यासारख्या अक्षरांत: 'नाव पुरं टाका. वच्छलाबाई महादेवराव निमकर्डे.'

हा कागद फाइलीत होता. अमरावतीहून एक फोन केला असता तर कळला असता. मी माणसांच्या हक्कांसाठी इतकी तळमळत होते की ज्या माणसाचा हक्क त्यालाच विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सरांच्या टेबलावर दोन पानांचं निवेदन ठेवलं. रात्रभर जागून नाही, गाडीतच लिहिलं होतं, हात तयार आहे. 'एका कष्टकरी स्त्रीच्या ज्ञानाची चोरी' असं शीर्षक. खाली मागण्या: छपाई तात्काळ थांबवा, छापलेलं सगळं रद्द करा, जाहीर माफी मागा. सरांनी पूर्ण वाचलं.

"निषेध कोणाचा आहे यात?"

"संपादन प्रक्रियेचा."

"प्रक्रिया म्हणजे कोण? नाव सांग ना. नावावरूनच भांडण आहे आपलं."

"...माझा."

"खाली सही कोणाची?"

"माझीच."

"म्हणजे तूच निषेध करून राहिली, तुझाच करून राहिली. मग मले कायले दिलं हे?" सर अमरावतीचेच, रागावले की पुस्तकी मराठी गळून पडते. "बस. चहा घे. आता पत्रक नको लिहू, आता दुरुस्ती सांग."

मी म्हटलं, सगळं परत छापू. सर म्हणाले, ते होणार नाही, अकोल्याच्या चर्चासत्रात पुस्तक ठेवायचं आहे आणि प्रेस दुसऱ्या कामाला लागली आहे. पण बांधणी झालेली नव्हती, हे आमचं नशीब. पुस्तक पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. म्हणजे बांधणीआधी एखादा फर्मा काढून दुसरा घालता येतो.

"दोन-तीन फर्मे मी कसे तरी करीन," सर म्हणाले. "पण एकसष्ट ठिकाणं नऊ फर्म्यांत पसरली आहेत. बाकीच्यांचं काय?"

सरांनी शुद्धिपत्र सुचवलं. म्हणजे चूक सांगणारी वेगळी चिठ्ठी, पुस्तकात सरकवून द्यायची. मला त्याहून भारी युक्ती सुचली. सूची अजून छापायची होती. सूचीत 'पाहा' नावाची सोय असते. एका नोंदीवरून वाचकाला दुसरीकडे पाठवायचं. मी लिहिलं: 'माहितगार ७: पाहा निमकर्डे, वच्छलाबाई'. पुढे एकसष्ट ठिकाणांची पानं. संपूर्ण सूचीत सगळ्यात लांब नोंद, मोठमोठ्या प्राध्यापकांपेक्षा लांब. एका ओळीत सगळा अन्याय दूर. मी स्वतःवर परत खूश झाले. ही माझी जुनी खोड आहे.

सर म्हणाले, "छान आहे. आता विचारून घे."

"कोणाला?"

सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

वच्छलाबाई आणि नामदेवराव सोमवारी आले. मूर्तिजापूरहून सकाळच्या गाडीनं, मॅडम अकोल्याहून. आमच्या ऑफिसात एवढी माणसं बसायला खुर्च्या नाहीत, मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसले. सरांनी चिठ्ठीचं सांगितलं. वच्छलाबाईंनी लगेच मान हलवली.

"चिठ्ठी नको जी. बियाच्या पुडीत मी आधी चिठ्ठी टाकत होतो. पुडी फोडली का चिठ्ठी उडून जाते. आता पुडीवरच लिवतो."

वऱ्हाडात बाया 'मी लिवतो' म्हणतात. पुण्याची मंडळी दचकतात, दचकू द्या.

मग मी माझी सूची पुढे केली. त्यांनी विचारलं, "हे तं मांगं हाये. एवढ्या मांगं कोन पायते?"

सरांनी उठून कपाटातून मुंग्यांचं पुस्तक काढलं आणि मागून उघडलं. "बाई, अभ्यासाचं पुस्तक घेणारा आधी शेवटची पानं चाळतो. त्याला हवं ते आहे का नाही, ते तिथं कळतं. मग पुढचं."

"गिऱ्हाईक वांगं घेते तवा देठ पायते पयले. तसं?"

"तस्सं."

हे त्यांना पटलं. माझी नोंद त्यांनी वाचली. मोठी नोंद बघून हसल्याही. बोट आकड्यांवरून फिरत होतं आणि एका आकड्याशी थांबलं.

"मॅडमबाई, हे आकडे कोन्या धड्याचे?"

मॅडमनी बघितलं. "ते सहाव्यातले."

वच्छलाबाईंनी नामदेवरावांना सांगितलं, "भाऊजी, खाली जाऊन चहा सांगा बरं सगळ्याइले." नामदेवराव उठले. ते जिन्यावरून उतरेपर्यंत त्या थांबल्या.

"सहाव्यात म्या जे सांगितलं ते काय वांग्याचं नोहे."

सहाव्या प्रकरणात काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. घरातल्या बायांनी मॅडमना सांगितलेल्या गोष्टी आहेत. त्यात 'माहितगार ७' आहे.

"हे तुह्यं 'पाहा, पाहा' छापलं," त्या मला म्हणाल्या, "तं चौथ्यातली मी अन् सहाव्यातली मी एकच हावो, हे गावाले समजन का नायी?"

मी म्हटलं, "समजेल."

"मंग?"

आम्ही तिघं. एक प्राध्यापक, चाळीस वर्षांचा अनुभव असलेला एक प्रकाशक आणि एक चळवळीतली कार्यकर्ती. तिघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आधी मी त्यांना न विचारता लपवलं होतं आणि आता न विचारता उघडं करायला निघाले होते. दोन्ही वेळा त्यांच्याच भल्यासाठी.

मॅडम हळूच म्हणाल्या, "पण फॉर्मवर तुम्ही 'नाव पुरं टाका' लिहिलं होतं."

"तवा वांग्याचंच बोलनं झालं होतं, माय. सहाव्याचं तुमी दोन वर्सांनी इचारलं. तवा कोनता फारम होता?"

तेव्हा फॉर्म नव्हता. त्याच फॉर्मवर चाललं होतं. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. वच्छलाबाईंनीच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू दे वं. तुह्यं चांगलंच मन होतं. आता कामाले लागा. कुठी ठेवाचं, कुठी नायी, मी सांगतो."

मग आम्ही जे केलं ते सुरुवातीलाच करायला हवं होतं. एकसष्ट ठिकाणं एकेक करून वाचली. मॅडम वाचायच्या, वच्छलाबाई सांगायच्या: "नाव." "नंबर." "नाव." "हे मी म्हनलंच नायी, हे शेजारच्या काकूचं होय." तीही एक चूक निघाली. मध्येच नामदेवराव चहा घेऊन आले तेव्हा मॅडम नेमक्या तक्त्याबद्दल काही विचारू लागल्या, फार सफाईनं. ते म्हणाले, "वयनी, मॅडमची परीक्षा घेऊन राहिल्या का?" वच्छलाबाई म्हणाल्या, "हौ. नापास हायेत सारे."

ठरलं ते असं. चौथं प्रकरण पुरं नावानिशी. ते दोन फर्म्यांत होतं, ते परत छापायचे. पाचव्यात एक वाक्य सापडलं, 'वांग्याचं बी जपणाऱ्या माहितगार ७'. या एका वाक्यानं नंबर आणि नाव जोडलं जात होतं, म्हणून तोही फर्मा परत. सहाव्यात नंबरच. बाकी किरकोळ उल्लेख जसेच्या तसे. सूचीत 'माहितगार' अशी नोंदच नाही, 'पाहा' नाही. फक्त 'निमकर्डे, वच्छलाबाई' आणि पुढे चौथ्या प्रकरणातली पानं. आणि 'नामदेव वांगं' ही नोंद काढून त्या जागी नामदेवरावांनीच सांगितली ती: 'वांगं, वच्छलाबाई निमकर्डे यांनी निवडलेलं, बाजारात नामदेव नावानं प्रचलित'.

माझी लांबलचक, दिमाखदार नोंद गेली. उरली ती दीड ओळ.

पुस्तक महिनाभर उशिरा आलं. चर्चासत्र हुकलं. सरांनी त्यावर मला एकदाही टोचलं नाही. फक्त माझ्या टेबलासमोर हातानं लिहिलेला कागद लावला: 'रिप्लेस ऑल दाबण्याआधी फोन'. मॅडमनी संमतीचा फॉर्म बदलला. आता तो प्रत्येक विषयाला वेगळा असतो आणि लिखाण झाल्यावर परत वाचून दाखवतात. त्यानं कामाला वेळ लागतो. लागू दे.

पहिली प्रत घेऊन मी गावात गेले. वच्छलाबाईंनी चौथं प्रकरण काढलं, नावावर बोट ठेवलं, सुनेला हाक मारली आणि वाचायला लावलं. मोठ्यानं. दोनदा. मग प्रत धान्याच्या कोठीवर ठेवली, उंदीर येणार नाही अशी. नामदेवरावांनी दुसरी प्रत टेम्पोत ठेवली आणि अकोल्याच्या बाजारात अडत्याला दाखवली. अडत्यानं पान बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "हौ ना भाऊ, पन नामदेव म्हनाले सोपं जाते."

म्हणजे बाजारात ते अजून नामदेव वांगंच आहे. पुस्तकानं बाजार बदलत नाही. पण पुढे कुणी या वांग्यावर काही लिहील, कुणी बियाणं तपासेल, कुणाची पीएचडी होईल, तेव्हा त्याला सूचीतून वच्छलाबाईंकडेच जावं लागेल. एवढं झालं.

हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. नंबर, प्रकरण, गावाची खूण, मॅडमचं, नामदेवरावांचं आणि वांग्याचं नाव मी बदललं आहे आणि पुस्तकाचं नाव दिलेलं नाही, तेव्हा शोधत बसू नका. त्यांचं नाव काय लिहू, असंही विचारलं. पुस्तकातलं नाव पुस्तकात असू दे, इथे दुसरं लिही, असं त्यांनी सांगितलं. मी दुसरं लिहिलं आहे. तेही त्यांनीच निवडून दिलं.

नाव लपवणं म्हणजे संरक्षण नाही आणि नाव छापणं म्हणजे न्याय नाही. कुठल्या पानावर काय, ते ज्याचं नाव त्यानं ठरवायचं. एवढं शिकायला मला तीन फर्मे लागले.

आता तुमचं काम. तुम्ही संशोधन करत असाल, कुणाचे पीएचडीचे गाइड असाल, आमच्यासारखं प्रकाशन चालवत असाल, तर संमतीच्या फॉर्मची ती फाइल आज काढा. उद्या नाही. एकेक फॉर्म वाचा आणि त्या माणसांना फोन लावा. आणि तुम्ही नुसते वाचक असाल तर हातातल्या पुस्तकात 'एक स्थानिक महिला', 'एक वृद्ध शेतकरी', 'एक माहितगार' दिसले की लेखकाला पत्र लिहा आणि एकच प्रश्न विचारा: त्यांना विचारलं होतं का? उत्तर येईपर्यंत लिहीत राहा.